हिला विचारल्याशिवाय

खोतांनी वजन टाइप केलं, एंटर दाबलं आणि वजन गायब झालं.

"बघा मॅडम, परत गिळलं," ते शांतपणे म्हणाले.

पडद्याच्या मधोमध एक पिवळी चौकट उघडली होती. तीत लिहिलं होतं, ‘प्रिंटरमधला कागद संपत आला आहे.’ खाली एकच बटण होतं आणि त्यावर रोमन अक्षरांत ‘आलो’ असं लिहिलेलं. वजनकाट्यावरचे कारकून खोत आकडे मारत असताना ही चौकट उगवली. आकडे चौकटीने घेतले, एंटर ‘आलो’ या बटणावर पडला आणि चौकट निघून गेली. बाहेर काट्यावर उसाने भरलेला ट्रॅक्टर धडधडत उभा होता, पण नोंदीत तो आलाच नव्हता.

ही २०१३च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांचं वजन नोंदवणारा प्रोग्रॅम आम्ही बसवत होतो. आम्ही म्हणजे सहा माणसांची एक कंपनी. त्यांतली मी एक, मृणाल तेरदाळे, तेव्हा सव्वीस वर्षांची. कारखान्यासारखं मोठं गिऱ्हाईक आम्हाला आधी कधी मिळालं नव्हतं. त्या दिवशी चाचणी होती आणि हंगाम सुरू व्हायला अकरा दिवस होते.

कारखान्याच्या संगणक विभागाचे प्रमुख घोरपडे साहेब माझ्या मागे हाताची घडी घालून उभे होते.

"सहा गाड्यांत दोन गेल्या," ते म्हणाले. "हंगामात दिवसाला आठशे गाड्या येतात. हिशेब तुम्हीच करा."

"सर, आमच्या प्रोग्रॅममध्ये दोष नाही. ही चौकट दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा आहे, आरोळी नावाचा. तो तुमच्या सगळ्या संगणकांवर आधीपासून आहे."

"मग तो दुरुस्त करा."

"केला होता सर. तीनदा केला. दर वेळी तुमच्या माणसांनी माझी प्रत काढून मूळची परत टाकली."

"मीच सांगितलंय तसं. इथे अधिकृत आवृत्तीच चालणार. उद्या तुम्ही लग्न करून पुण्याला गेलात तर तुमचे बदल मी कुणाला विचारू?"

पुण्याचं सोडलं तर त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून जास्तच राग आला.

"हंगामाच्या आत अधिकृत आवृत्तीत सुधारणा आली तर ठीक," ते म्हणाले. "नाहीतर आम्ही पूर्वीसारखं वहीत लिहू. चौगुल्यांना सांगा."

शीतल चौगुले हे आमचे साहेब. आमच्याकडे शीतल हे पुरुषाचंही नाव असतं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मृणाल, वही म्हणजे आपण बंद."

आरोळी हा मुक्त प्रोग्रॅम होता. म्हणजे त्याची आतली सगळी लिखापढी कुणालाही उघडून वाचता येते, आपल्यापुरती बदलताही येते. मूळ प्रतीत बदल करायचा असेल तर मात्र तो सांभाळणाऱ्या माणसाने हो म्हणावं लागतं. आरोळी सांभाळणारे होते कुणी पी. जुवेकर. जगभरातले काही हजार लोक ती वापरत होते आणि त्यांतले निम्मे तरी तिच्यावर चिडलेले होते. चौकट मध्येच येते, कीबोर्ड हिसकावून घेते, बटण दाबल्याशिवाय हलत नाही, अशा एकशे बारा तक्रारी त्यांच्या पानावर होत्या. एकाने आजारी बॉसला लिहिलेलं पत्र अर्धंच गेलं होतं. त्यात ‘तुम्ही आता कायमचे’ एवढंच पोचलं, ‘बरे व्हा’ चौकटीने खाल्लं. प्रत्येक तक्रारीखाली जुवेकरांचं एकच उत्तर होतं, ‘हे असंच आहे.’

मी स्वतः त्यांना चार पत्रं लिहिली होती. पहिलं नम्र होतं. चौथं आज वाचवत नाही.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच आरोळीची लिखापढी मुळापासून वाचायला घेतली. आजवर मला हवा तेवढाच भाग मी बदलत आले होते. जिथे चौकट कीबोर्डचा ताबा घेते त्या ओळीच्या वर जुवेकरांनी रोमन लिपीत एक मराठी टीप लिहिली होती. ती मी दोनदा वाचली, मग मोठ्याने वाचली.

‘हिला विचारल्याशिवाय हा भाग बदलू नये.’

मी चर्चेचं पान उघडलं. तिथे लाइपझिगचा उवे नावाचा एक जर्मन मनुष्य चौदा महिन्यांपासून ठाण मांडून होता. हा दोष काढून टाकणारा बदल त्याने कधीच लिहून ठेवला होता आणि त्याखाली दर महिन्याला तो नियमाने लिहीत होता, ‘आदरणीय हिला यांच्या मंजुरीची वाट पाहत आहे.’ दुसऱ्या कुणी विचारलं होतं, हिला यांचा ईमेल मिळेल का. ओसाकाच्या एकाचा अंदाज होता की हिला ही व्यक्ती नसून समिती असावी. त्यावर मतदान झालं होतं आणि समिती हरली होती.

मी उवेला खुलासा लिहायला घेतला आणि खोडला. मराठी नवरा बायकोचं नाव घेत नाही, हे लाइपझिगला कसं कळवायचं ते मला सुचेना.

पानाच्या तळाला घरचा फोन नंबर होता. कोड देवरुखचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो फिरवला. एका बाईंनी उचलला.

"जुवेकर आहेत का?"

"वर आहेत. थांब हं, बोलावते." मग कुठेतरी खट्ट असा आवाज झाला आणि लगेच जिन्यावर पावलं धावली. ‘आलो, आलो’ म्हणत एक गृहस्थ फोनवर आले. मी नाव सांगितलं.

"चौथ्या पत्रातल्या तेरदाळे ना तुम्ही?"

"सर, त्याबद्दल माफ करा. पण माझी खरंच अडचण आहे." मी काटा, कारखाना, घोरपडे सगळं सांगितलं.

त्यांनी आवाज खाली आणला. "तुमचं म्हणणं मला पटतं हो. पहिल्या तक्रारीपासून पटतंय. पण माझ्या हातात काही नाही. हिला विचारा." आणि त्यांनी फोन तिकडे दिला.

मी पुन्हा सगळं सांगितलं. जुवेकर काकूंनी ऐकलं. "असं फोनवर काय कळणार मला," त्या म्हणाल्या. "ये की इकडे. आंबोळ्या करते."

चौगुले सरांनी रजा दिली, वर बसस्टँडवर सोडायलाही आले. पहाटेची कोल्हापूर गाडी, तिथून आंबा घाट उतरून दुपारी बाराला मी देवरुखात पोचले. वाटेत मी मनाशी भाषण तयार केलं होतं. वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य, कामातली एकाग्रता, जगभरच्या हजारो लोकांचा वेळ, असं बरंच होतं त्यात.

जुवेकरांचं दोन मजली घर होतं, पुढे सुपारीची झाडं. जुवेकर काका उंच, वाकलेले, सत्तरीला आलेले. त्यांनी मला पाहून असं काही तोंड केलं की वाटलं, हे मला वसुलीवाली समजले. नलिनी काकू बुटक्या, चटपटीत. माझ्या पायातली चप्पल निघायच्या आत त्यांनी विचारलं, "तूच ना ती, ह्यांना ‘हट्टी म्हातारा’ लिहिणारी?"

"काकू, मला वय माहीत नव्हतं."

"हट्टी कसं कळलं मग?" असं म्हणून त्या आत गेल्या.

घरभर तारा फिरल्या होत्या. स्वयंपाकघरात एक बटण, न्हाणीघरात एक, मागच्या पडवीत एक. सगळ्या तारा जिन्याने वर काकांच्या संगणकाला जात होत्या.

"घंटाच का नाही लावलीत?" मी विचारलं.

"बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली," काका म्हणाले. "घंटीचा आवाज मला अजून सहन होत नाही. घरात घंटी नको म्हटलं. म्हणून ही आरोळी लिहिली. हिने खाली बटण दाबलं की वर पडद्यावर अक्षरं येतात. पहिल्यांदा कोपऱ्यात यायची. पाच सेकंद दिसायची आणि जायची. फार सभ्य होती."

"मग बदललीत कशाला?"

काका काकूंकडे बघू लागले. काकू पातेल्यातलं पीठ ढवळत म्हणाल्या, "मी न्हाणीघरात अडकले. कडी गंजली होती, सरकेचना. बटण होतं म्हणून घाबरले नाही. दाबलं. कोणी आलं नाही. परत दाबलं. किती वेळा हो?"

"चाळीस," काका म्हणाले.

"चाळीस वेळा. सव्वातीन तास. हे वर बसून त्या जपानमधल्या माणसाशी बोलत होते. दोन वाजता भूक लागली तेव्हा खाली आले आणि ओट्याजवळ उभे राहून काय म्हणाले असतील?"

मी काकांकडे पाहिलं.

"आज जेवण नाही का, असं विचारलं मी," ते म्हणाले.

"त्या दिवशी मी सांगितलं," काकू म्हणाल्या. "आता हाक आली की ती ह्यांच्या नाकासमोर आली पाहिजे. हात धरले पाहिजेत. आणि आलो म्हटल्याशिवाय गेली नाही पाहिजे."

म्हणजे लाइपझिग, ओसाका, सांगली, सगळीकडे माणसं सकाळ-संध्याकाळ जी चौकट शिव्या देत बंद करत होती, ती देवरुखच्या एका न्हाणीघराच्या कडीमुळे होती. माझं भाषण मी तिथेच सोडून दिलं. पण हंगाम काही सोडणार नव्हता.

"काकू, मधला मार्ग काढू," मी म्हणाले. "चौकट जाणार नाही. कोपऱ्यात थांबेल, दिवसभर थांबेल. फक्त कीबोर्ड घेणार नाही. काम करणाऱ्याची नजर जातेच हो तिकडे. मी रोज शंभर सूचना बघते, एक चुकत नाही."

"एकही?"

"एकही नाही."

"बघू या मग," काकू म्हणाल्या. "तुम्ही दोघं वर बसून काय ते करा. मी जरा आंघोळ करून घेते."

आम्ही वर गेलो. उवेने लिहून ठेवलेला बदल मी काकांच्या संगणकावर चढवला, चौकट कोपऱ्यात टिकून राहील असं त्यात घातलं. दहा मिनिटांत झालं. मग मला दिसलं की काकांनी सगळ्या ओळी तीन-तीन जागा सोडून लिहिल्यात. दोन नाहीत, चार नाहीत, तीन. मी विचारलं, हे काय. ते म्हणाले, दोन म्हणजे दाटी होते, चार म्हणजे उधळपट्टी. मी म्हणाले, जगात कुणीही तीन सोडत नाही. ते म्हणाले, जगाने माझा प्रोग्रॅम फुकट वापरलाय, जागा मी ठरवणार. मी त्यांना चारचे फायदे सांगितले. त्यांनी मला तीनचा इतिहास सांगितला. वाद चांगला रंगला होता. इतक्या आपुलकीने माझ्याशी कुणी भांडून बरेच महिने झाले होते.

जरा वेळाने मला साबणाचा वास आला. मी मान वळवली. जिन्याच्या तोंडाशी काकू उभ्या होत्या, डोक्याला पंचा गुंडाळलेला.

"अकरा वेळा दाबलं," त्या म्हणाल्या.

मी पडद्याकडे पाहिलं. उजव्या कोपऱ्यात अकरा पिवळ्या चौकटी एकीवर एक नीट रचून उभ्या होत्या. प्रत्येकीवर ‘न्हाणीघर’ असं लिहिलेलं. पहिली चाळीस मिनिटांपूर्वीची होती.

"आंघोळ झाली," काकू म्हणाल्या. "कपडे धुतले. वाळत घातले. मग म्हटलं, आपणच जावं."

काका माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता. खूप वर्षांनी कुणीतरी सोबतीला आल्याचं समाधान होतं.

आम्ही जेवायला बसलो. आंबोळ्या उत्तम होत्या आणि माझं लक्ष घड्याळाकडे होतं. चारची परतीची गाडी धरायची होती. चौगुले सरांना काय सांगायचं याचा मी विचार करत होते. इतक्या लांब येऊन मी सांगितलं होतं की सूचना मला दिसतात, आणि एक बाई माझ्या डोळ्यांदेखत चाळीस मिनिटं हाका मारत राहिली होती.

काकूंनी माझ्या ताटात आणखी एक आंबोळी टाकली. "त्या तुझ्या काट्यावर हाका कोण मारतं?" त्यांनी विचारलं.

"कोण म्हणजे?"

"म्हणजे ती चौकट येते, ती कुणाची?"

"प्रिंटरची येते. कागद संपला म्हणून. संगणकाची येते, नवी आवृत्ती आलीय म्हणून. जागा भरत आली म्हणून."

"माणूस कोणी नाही?"

"गेटवरचा पहारेकरी पाठवतो कधीतरी. दिवसातून एखादी."

काकूंचा हात ताकाच्या भांड्यावर थांबला. त्या काकांकडे वळल्या. "अहो, यंत्रंही मारतात हाका तुमच्या त्या आरोळीतून?"

"मारतात ना. जगभर त्यांच्याच जास्त असतात."

"आणि त्यांनाही लोकांनी आलो म्हणायचं?"

"तू म्हणाली होतीस ना, आलो म्हटल्याशिवाय..."

"मी माझं म्हणत होते," काकू म्हणाल्या. "कागद संपला तर संपला. त्याला कशाला एवढा मान? त्याने बसावं कोपऱ्यात. माणसाने मारली तर उठायचं."

काका आणि मी ताटावरून एकमेकांकडे पाहिलं. चार वर्षं, एकशे बारा तक्रारी, एक मतदान, आणि हे कुणालाही सुचलं नव्हतं.

चारची गाडी मी सोडली. आम्ही दोघांनी मिळून ते लिहिलं. हाक पाठवणारा माणूस आहे की यंत्र, एवढंच बघायचं. यंत्राची चौकट कोपऱ्यात जाईल, कीबोर्डला हात लावणार नाही. माणसाची मधोमध येईल आणि उत्तर घेऊनच जाईल. ओळींना तीन जागा सोडल्या. संध्याकाळी काकूंनी पडवीतून बटण दाबलं तेव्हा आम्ही दोघंही जिन्यात एकमेकांना धडकलो. काकू म्हणाल्या, "हं, चालेल."

काकांनी चर्चेच्या पानावर लिहिलं, ‘हिला विचारलं. हिची हरकत नाही.’ उवेचं उत्तर दोन मिनिटांत आलं. आदरणीय हिला यांचे त्याने मनापासून आभार मानले होते आणि एवढा विचारपूर्वक निर्णय द्यायला चौदा महिने लागणं साहजिकच आहे, असं म्हटलं होतं. काकूंनी मला ते मराठीत वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाल्या, "मुलगा वळणाचा दिसतो."

अधिकृत आवृत्ती हंगामाच्या आदल्या दिवशी कारखान्यात पोचली. पूजा झाली, उसाची पहिली मोळी टाकली, आणि सकाळी दहा वाजता वजनकाटा सुरू झाला. आत खोत संगणकापुढे बसले होते, मागे मी आणि चौगुले सर. घोरपडे साहेब बाहेर काट्याच्या लोखंडी फळीवर उभे राहून पहिल्या गाडीची वाट बघत होते. फाटकाबाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागली होती.

कोपऱ्यात एक पिवळी चौकट आली, ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे.’ खोतांनी तिकडे पाहिलंही नाही. दुसरी आली. चौगुले सरांनी माझ्या खांद्यावर हलकेच थोपटलं.

मग पडद्याच्या मधोमध चौकट उघडली. गेटवरून होती. ‘पवारांचे बैल सुटले. काट्याकडे येत आहेत.’

खोतांनी ‘आलो’ दाबलं, उठून दार लावून घेतलं, खिडकीतून ओरडले, "साहेब, बाजूला व्हा, बैल."

घोरपडे साहेबांनी वळून पाहिलं आणि जागच्या जागी थिजले. दोन पांढरे खिल्लार बैल शिंगं हलवत फाटकातून आले, थेट काट्यावर चढले आणि साहेबांच्या दोन बाजूंना थांबले. फळीवर चाचणीच्या वेळचा ऊस सांडला होता. ते खाऊ लागले. साहेब हात अंगाला चिकटवून, डोळे मिटून उभे राहिले. पाच मिनिटं कोणी काही केलं नाही. मग गाडीवान पवार धावत आला, बैलांना हाकून घेऊन गेला आणि जाताना साहेबांना नमस्कार करून गेला.

काटा स्थिर झाला की मगच आकडा दाखवतो. ते तिघं उभे असताना तो फार छान स्थिर झाला होता. खुर्चीत परतलेल्या खोतांचे हात तेव्हाच सवयीने चालले. त्यांनी आकडा टाइप केला, एंटर दाबलं आणि या वेळी नोंद झाली. हंगामाची पहिली: माल ऊस, वजन नऊशे ऐंशी किलो.

घोरपडे साहेबांनी आत आल्यावर पहिल्यांदा पाणी मागितलं आणि मग ती नोंद काढायला सांगितली. मी म्हणाले, काट्यावर झालेली नोंद काढता येत नाही, प्रोग्रॅम तसाच हवा होता कारखान्याला. त्यांनी थोडा विचार केला आणि चौगुले सरांना म्हणाले, "चालतंय तर खरं."

संध्याकाळी मी देवरुखला फोन केला. काकूंनी सगळं सुरुवातीपासून ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "आणि त्यातले साहेब किती किलो?"

ते मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मी खोतांना विचारलं. त्यांनीही रात्रभर त्याच्यावर विचार केला होता.